पिंपळाला मीठ

मी एकदा पिंपळाला मीठ घातले. चिमूटभर नव्हे, दोन ओंजळी खडेमीठ. घालून झाल्यावर हात झटकले आणि कमरेवर ठेवून त्या झाडाला म्हणाले, "आता पाहू तू कसा सुधरत नाहीस ते."

झाड म्हणजे तरी काय, वीतभर काडी आणि तिला पाच पाने. पण ती काडी माझ्या सासूची होती, आणि सासूची म्हणजे साऱ्या वस्तीची होती. इंझोरीला आमच्या वस्तीने तेव्हा नुकताच विहार बांधला होता. चार मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, पुढे मोकळे अंगण. अंगणात बोधिवृक्ष हवा, असे सगळ्यांनी ठरवले. आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना शेवटपर्यंत आत्याबाईच म्हटले) बुद्धपौर्णिमेला नागपूरला बहिणीकडे जाणार होत्या. तिथल्या भंतेजींकडून पिंपळाचे एक रोप मागून आणते, असे त्यांनी बैठकीत उभे राहून कबूल केले. आठ दिवसांनी त्या एस्टीतून उतरल्या तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेले रोप त्यांच्या छातीशी होते. वस्तीतले दादाराव, म्हणजे विहाराचे सगळे पाहणारे आमचे वडीलधारे, तर त्या रोपापुढे हात जोडून उभेच राहिले.

आता लावायचे कुठे? विहाराच्या अंगणाला कुंपणाची भिंत नव्हती आणि इंझोरीतल्या शेळ्यांना धर्म नव्हता. तेव्हा असे ठरले की दसऱ्यापर्यंत भिंत घालायची आणि दसऱ्याला, म्हणजे आमच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, झाड लावायचे. तोवर ते आमच्या घरी कुंडीत राहील.

"याले आता तू सांभाळ," आत्याबाई मला म्हणाल्या. "मी दिवसभर वावरात निंदायले जातो. तू मॅट्रिक हायस. तुले समजते."

मला समजते! एकोणीस वर्षांच्या मुलीला सासूने असे म्हणू नये. मुलगी बिघडते. मी रिसोडची, तालुक्याच्या गावची, मॅट्रिक पास. इंझोरीतली माणसे मला भेटायला नव्हे, शिकायला येतात अशी माझी समजूत होती.

रोप आधी एका डब्यात होते. मला ते शोभेना. फुटलेल्या रांजणाचे बूड परसात पडले होते, ते मी घासून काढले, गेरूने रंगवले आणि चुन्याच्या पाण्याने त्यावर झोकदार अक्षरांत 'नमो बुद्धाय' लिहिले. आत्याबाईंनी चारी बाजूंनी पाहिले.

"मस्त केलं. बुडाले भोक पाड मातर."

"रंग वाळू द्या आत्याबाई, मंग पाडतो."

रंग वाळला. माती भरली, रोप लावले, सगळी वस्ती पाहून गेली. भोक राहिले. (ही गोष्ट लक्षात असू द्या. माझ्या नव्हती.)

दुसरे असे की मी दुष्काळातून आलेली. बाहत्तरच्या दुष्काळात रिसोडला आमच्या घरी तोंड धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी पाय धुवायला, आणि पायांचे पाणी आईने लावलेल्या मोगऱ्याला जायचे. शेवटी मोगऱ्यापर्यंत काही पोचेचना आणि तो वाळून गेला. दोन वर्षांनी लग्न होऊन इंझोरीला आले तर दारात विहीर, आणि विहिरीत वाकले की हात ओला होईल इतके पाणी. मी वेडीच झाले. भांडी घासून आले की झाडाला तांब्याभर पाणी. कपडे वाळत घातले की तांब्याभर. कोणी दिसले नाही की तांब्याभर, आणि कोणी दिसले की दोन, त्यांनाही कळावे म्हणून. वर पावसाचे दिवस. शेळ्यांच्या भीतीने कुंडी ठेवलेली न्हाणीच्या भिंतीआड, जिथे सूर्य फक्त चौकशीला येऊन जायचा.

तीन आठवड्यांत कुंडीतल्या मातीवर हिरवी झाक आली. मग ती दाट झाली, गुळगुळीत झाली, मखमलीसारखी पसरली. मला वाटले, वा, मातीलाच पालवी फुटली! शेजारणींना हात धरून दाखवले. "पाह्य ना, जमीन किती सुपीक झाली." त्या बिचाऱ्याही मान डोलावून गेल्या. मॅट्रिक बाई सांगते म्हणजे असेल.

मग एक दिवस दादाराव आले. चष्मा पुसला, वाकले, एक बोट त्या मखमलीवर फिरवले आणि बोटाचा वास घेतला.

"सूनबाई, हे तं शेवाळ हाय. आपल्या विहिरीच्या पायरीवर असते ते. याच्यानंच मांगच्या साली मायी कंबर मोडली."

माझा चेहरा उतरला. दादारावांची कंबर ज्याने मोडली ते बोधिवृक्षाला सोडणार होते काय?

मी लढाईला उभी राहिले. पहिल्या दिवशी उलथने घेऊन सगळा हिरवा थर खरवडून काढला. जागा स्वच्छ झाली. जखम धुवावी तशी मी ती दोन तांबे पाणी घालून धुतली. चार दिवसांत शेवाळ परत आले, आणि येताना नातेवाईक घेऊन आले.

दुसरा हल्ला चुन्याचा. शाळेच्या पुस्तकात चुन्याने जंतू मरतात असे वाचले होते. घरात चुना एकच, आत्याबाईंच्या पानाच्या डबीतला. तो सगळा बोटाने काढून मी मातीवर सारवला. कुंडीत हिरव्यावर पांढरे असे दह्यातली कोथिंबीर दिसावी तसे दिसायला लागले. संध्याकाळी शेतातून येऊन आत्याबाई पान लावायला बसल्या.

"माया चुना कुठी गेला व?"

"उंदरानं खाल्ला असंल आत्याबाई."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले, डबीकडे पाहिले. "मंग त्यानं आता पान खाल्लं पाह्यजे," एवढेच म्हणाल्या आणि पान कोरडेच तोंडात टाकले.

चुना पावसाच्या एका सरीत वाहून गेला. शेवाळ धुतल्यासारखे ताजे होऊन हसत बसले. तेव्हा मला आईची आठवण झाली. आमच्या रिसोडच्या न्हाणीतला धोंडा शेवाळून निसरडा झाला की आई त्यावर खडेमीठ टाकायची आणि विटेच्या तुकड्याने घासायची. धोंडा लख्ख! मीठ टाकल्यावर धोंड्याला काही झाले नव्हते, म्हणजे झाडालाही होणार नाही, हे माझे मॅट्रिकचे तर्कशास्त्र. मडक्यातले सगळे मीठ मी कुंडीत रिकामे केले. ओंजळी दोन.

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हते. माझे मालक शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर, माणूस अबोल. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"भाजीत मीठ नाही."

"मीठ जास्त खाऊ नये म्हणतात."

"कोण म्हणते?"

"पुस्तकात हाय."

मास्तर माणूस. पुस्तकाचे नाव काढल्यावर त्यांना मुकाट्याने जेवावे लागले.

दोन दिवसांत शेवाळ काळे पडले, सुकले, पापुद्र्यासारखे सुटून आले. मी जिंकले. तो दिवस मी फार ऐटीत काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिले पान कडेने तपकिरी झाले. संध्याकाळी ते गळले. मग रोज एक. पाचवे पान पडले तेव्हा मी कुंडीशेजारी उकिडवी बसले होते आणि माझ्या डोळ्यांतले मीठही त्यात जात होते.

दसऱ्याला दोन महिने उरले होते. तिकडे विहाराच्या अंगणाची भिंत रोज वीतभर चढत होती. बायका डोक्यावरून माती नेत होत्या, पुरुष रोजीवरून आल्यावर विटा थापत होते. आत्याबाई निंदून आल्यावर, पाठ धरलेली असताना, दोन टोपल्या तरी टाकूनच घरी यायच्या. आणि ज्या झाडासाठी ही भिंत, ते माझ्याकडे नुसती काडी होऊन उभे होते. आत्याबाईंनी चारचौघांत शब्द दिलेला. उद्या लोक त्यांना काय म्हणतील? त्या मला काही बोलल्या असत्या तर मी सोसले असते. त्यांना कोणी बोललेले मला सोसणार नव्हते.

तेव्हा खरे सांगायला हवे होते. पण मी सुईदोरा घेतला.

नाल्याकाठी एक मोठा पिंपळ होता. पहाटे पाणी आणायच्या निमित्ताने मी त्याची तीन कोवळी पाने आणली आणि हिरव्या दोऱ्याने काडीला बांधली. लांबून पाहिले तर झाड चांगले खुशीत दिसत होते. अडचण एवढीच की तोडलेली पाने संध्याकाळपर्यंत माना टाकायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी पाने. घरात इतर कुणाचे कपडे बदलले जावोत न जावोत, त्या झाडाला मी रोज नवा पोशाख चढवत होते. आणि घाईत मोजदाद राहत नव्हती.

"काल तीन पानं होते," आत्याबाई एकदा शेताला निघताना म्हणाल्या, "आज पाच हायत. लय जोरात हाय गड्या झाड."

"पावसाचं पाणी मानवलं त्याले."

"हो. अन् काल डावीकडं होते, आज उजवीकडं."

"उजेडाकडं वळते ते आत्याबाई. पुस्तकात हाय."

"असंल," म्हणून त्या विळा घेऊन गेल्या.

पंधरा दिवस हे नाटक चालले. मग एका दुपारी दादाराव दोन पाहुण्यांना घेऊन हजर. पाहुणे धनजचे. त्यांच्या गावीही विहार व्हायचा होता, म्हणून नागपूरचे रोप पाहायला मुद्दाम आलेले. त्या दिवशी आत्याबाईही घरी होत्या. दादारावांनी रोपाची कहाणी सांगितली. पाहुण्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आणि नेमका तेव्हा वाऱ्याचा झोत आला. एक पान निसटले, दोऱ्याला लटकून दोनदा गोल फिरले आणि दोऱ्यासकट आत्याबाईंच्या पायाशी येऊन पडले.

मला वाटले, आता विहिरीकडे पळावे. आत्याबाईंनी शांतपणे त्या पानावर पाय ठेवला.

"काय पडलं बाई?" दादारावांनी डोळे उघडून विचारले.

"पान गळलं दादा. गळू द्या. अनित्य हाय सगळं."

"साधू, साधू," दादाराव म्हणाले. पाहुणेही म्हणाले. सगळे चहा प्यायला ओसरीवर गेले, तेव्हा आत्याबाई वाकल्या, पान उचलले आणि कमरेच्या बटव्यात टाकले. मी चहात साखर दोनदा टाकली आणि चहापत्ती टाकायची विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई माळीण दारात. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा होता, वांगी-मिरची घेऊन ती कारंज्याच्या बाजाराला जायची. आमच्या दारी ती कधी येत नसे. म्हणाली, "इकून चालली होती, म्हटलं पाणी प्यावं." पाणी प्यायली नाही. थेट न्हाणीमागे गेली, कुंडीपुढे बसली आणि माझी बांधलेली पाने एकेक करून सोडली. पानाचा दोरा सुटत होता तशी माझी मान खाली जात होती. मग तिने मातीचा कण जिभेवर ठेवला आणि थुंकली.

"लोणचं घालून राह्यली का व पिपळाचं?"

मी सगळे सांगून टाकले. उलथने, चुना, मीठ, सुईदोरा. कौसाबाई हसली नाही. (तिने पुढे आयुष्यभर हसून घेतले.) कुंडी कलती करून तिने बूड पाहिले.

"याले भोक कुठी हाय?"

"राह्यलं."

"म्हंजे हे झाड दोन महिन्यांपासून विहिरीत उभं हाय. हे पाह्य पोरी, शेवाळ म्हंजे रोग नोहे. चुगली हाय ते. पाणी जास्त झालं, ऊन भेटत नाही, मातीले हवा नाही, हे सांगते ते. तू त्या चुगलखोराले मारत बसली. ज्याची चुगली केली त्याले सोडलं."

मग तिने पदर खोचला. रोप मुळासकट उपसले, बादलीत तीनदा मुळे धुतली. खारट माती दूर नेऊन टाकली. खिळा आणि दगड घेऊन रांजणाच्या बुडाला भोक पाडले. माझ्या 'नमो बुद्धाय'च्या 'य'ला तडा गेला, पण त्या 'य'चे कोणाला काय. भोकावर खापराचा तुकडा, त्यावर काळी माती, निम्मी नदीची रेती, मूठभर कुजलेले शेण. रोप लावून झाल्यावर वर पुन्हा दोन बोटे जाड रेतीचा थर.

"ही रेती काहून?"

"वरून कोरडं राह्यते. शेवाळाले बसाले गादी भेटत नाही. अन् आठ दिवसांतून काडीनं वरची माती उकर, थोडी. खोदू नको. सकाळचं ऊन येते तिथी ठेव, वर काटे लाव शेळ्यांसाठी. अन् पाण्याचा तांब्या तुया सासूजवळ देऊन टाक."

"मंग पाणी केव्हा घालू?"

"पेरभर बोट घाल मातीत. ओलं निघालं तं पाणी नाही. कोरडं निघालं तं एक तांब्या. एक म्हटलं मी."

"अन् जगंल का?"

कौसाबाईने काडीची साल नखाने इवलीशी खरवडली. आत हिरवे होते. "जीव हाय," ती म्हणाली. "आता तू फक्त काही करू नको."

काही न करणे! माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात जड काम. हात आपोआप तांब्याकडे जायचा, मग मी तो कुंडीत बोट घालून गप्प बसवायची. ओले. पुन्हा दुपारी बोट. ओलेच. सवय इतकी लागली की एकदा भात शिजला का पाहायला मी पातेल्यात बोट घातले. मास्तरांनी फुंकर घातली आणि विचारले, "हेही पुस्तकात हाय?"

तेवीस दिवस काडी काडीच राहिली. चोविसाव्या दिवशी अगदी बुडाशी एक तांबूस टोक दिसले, भाताच्या शितापेक्षाही लहान. मी ओरडले असते, पण सगळ्या वस्तीसाठी त्या झाडाला तर पाच पाने होती! (कौसाबाईने पाने सोडल्यापासून मी 'दृष्ट लागते' म्हणून कोणी आले की कुंडीवर टोपली झाकत होते. दृष्टबिष्ट आमच्यात कोणी मानत नाही. दादारावांनी त्यावर मला अर्धा तास समजावले. मी ऐकून घेतले, टोपली काढली नाही.)

दसऱ्याला झाडावर चार पाने होती. स्वतःची, बिनदोऱ्याची. मातीवर हिरवेपणाचा ठिपका नाही. भिंत पुरी झाली होती, निळे झेंडे लागले होते, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण झाले, रोप खड्ड्यात उतरवले गेले, आणि दादारावांनी मलाच पुढे बोलावले. म्हणाले, "या पोरीनं चार महिने लेकरावानी जपलं. हिच्या हातूनच पाणी पडू द्या."

मी एक तांब्या घातला आणि थांबले.

"अजून घाल ना व," मागून कोणीतरी म्हणाले.

मी वाकून मातीत बोट घातले. "नाही. ओली हाय."

टाळ्या वाजल्या. आत्याबाईंच्या डोळ्यांना पाणी आले, आणि माझ्या घशात मीठ. आता हे पोटात ठेवणे शक्य नव्हते.

आज त्या पिंपळाच्या खोडाला दोघींची कव पुरत नाही. उन्हाळ्यात तिथे लग्नाच्या पंगती बसतात. कौसाबाई गेली, दादाराव गेले, आत्याबाईंना जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. माझ्या घरात आता नातसुना आहेत, त्यांच्या हातून दोऱ्याने बांधलेली पाने अधूनमधून पडतात. मी त्यावर पाय ठेवते आणि नंतर उचलून घेते. ते मला कोणी शिकवले ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून हे लिहिले. नाहीतर त्या दसऱ्याला आत्याबाईंना दिलेला शब्द मी इतकी वर्षे पाळला होता.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी विहारातून आल्यावर आत्याबाई ओसरीवर पान लावत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, मी तुमच्या झाडाले मीठ घातलं होतं. दोन ओंजळी. पानं बी मीच बांधत होती."

त्यांनी बटव्यातून एक वाळलेले पान काढले, हिरव्या दोऱ्यासकट, आणि माझ्या हातावर ठेवले. कौसाबाईला कोणी धाडले होते ते मला तेव्हा कळले. मी रडायला लागले. म्हणाले, "तुमी नागपूरहून एवढं जपून आणलेलं रोप, अन् मी त्याले मारतच होती."

आत्याबाईंनी पानाला सावकाश चुना लावला, दारात कोणी आहे का पाहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या:

"रडू नको व माय. नागपूरचं रोप तं कारंज्याच्या स्टँडवरच गेलं, एका बाईचं बोचकं पडलं त्याच्यावर. आता बिना झाडाचं दादारावाले कसं तोंड दाखवू, म्हून हे मी तिथच्याच भिंतीच्या फटीतून उपटलं. भिंतीतलं होतं, म्हून तुया हातून वाचलं. नागपूरचं असतं तं पह्यल्याच ओंजळीत गेलं असतं. मिठाचं मी कोणाले सांगत नाही, भिंतीचं तू सांगू नको."